सुट्टी नेमकी कोणाची?

शाळेत आपण पानिपतच्या तिन्ही लढायांची सालं पाठ केली. पण फळ्यावरच्या 'उद्या शाळेस सुट्टी राहील' या ओळीचा इतिहास कोणी विचारला नाही आणि आपणही शोधला नाही. सुट्टी मिळाली, दप्तर उचललं, संपलं. पुढे मी इंजिनिअर झाले आणि हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करू लागले. दर डिसेंबरला त्यात पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांचा तक्ता भरायचा असतो. पगाराचं सगळं सूत्रानं निघतं, हा तक्ता मात्र हातानं भरावा लागतो. तो भरता भरता त्या ओळीमागचा इतिहास मी वाचत गेले.

आपल्याकडे 'सार्वजनिक सुट्टी'ची व्याख्या झाली ती सणासाठी नाही, देण्याघेण्याच्या कागदांसाठी. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं 25 वं कलम म्हणतं की वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं धरावं. मग सुट्टी कशाला म्हणायचं, तेही सांगणं आलं. मूळ कायद्यात नावानिशी दिवस होते ते रविवार, इंग्रजी नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे. दिवाळी आणि ईद 'सरकार जाहीर करील ते इतर दिवस' या शब्दांत सामावलेल्या. स्वातंत्र्यानंतर, 1955 मध्ये, रविवार सोडून बाकीची नावं कायद्यातून काढली गेली. नाताळ आणि गुड फ्रायडेची सुट्टी त्यामुळे गेली नाही. ते दिवस दिवाळी-ईदच्या पंगतीत येऊन बसले, इतकंच. आज महाराष्ट्र सरकार दरवर्षी याच कलमाखाली आपली यादी जाहीर करतं.

रविवार कायद्यात होता, पण गिरणी कामगाराच्या वाट्याला नव्हता. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. चर्चमधल्या प्रार्थनेचा हा वार खंडोबाचाही वार. पण लोखंड्यांच्या लढ्यामुळे तो कोणत्याही एका देवाचा न राहता थकलेल्या माणसाचा झाला.

सरकारी यादी नीट वाचली तर तीत बरंच काही सापडतं. 2011 च्या जनगणनेत देशभरात पारशी होते फक्त 57,264, तरी त्यांचा नववर्षदिन महाराष्ट्राच्या यादीत आहे. आपण त्याला 'पतेती' म्हणून मोकळे होतो. पतेती खरं तर आदल्या दिवशी, वर्षभराच्या चुकांचा पश्चात्ताप करण्याची. गुड फ्रायडे आणि मोहरम हे तर दुःखाचे दिवस, त्यांना शुभेच्छा द्यायच्या नसतात. 'नाताळ' हा आपला रोजचा मराठी शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे, आणि आपली वसई 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे होती. उलट, निर्मळची कार्तिकातली जत्रा राज्याच्या यादीत नाही, तरी हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांतली माणसं तिथे जातात आणि सुकेळी घेऊन येतात.

मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते गेल्या काही वर्षांतल्या एका योगायोगानं. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. 2024 आणि 2025 मध्ये दोन्ही लागोपाठच्या दिवशी. यामागे साधं गणित आहे. इस्लामी महिना आणि आपला महिना एकाच चंद्रावर चालतात. ईद-ए-मिलाद चांद्र महिन्याच्या बाराव्या दिवशी, अनंत चतुर्दशी शुद्ध चौदाव्या तिथीला. पण आपण अधिक मास घालून वर्ष ऋतूंशी बांधून ठेवतो, इस्लामी वर्ष मात्र दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकतं. म्हणून साधारण 32-33 वर्षांनी दोन्ही महिने पुन्हा जुळतात. आपण पाचवी-सहावीत असताना, 1991 आणि 1992 सालीही ते असेच जुळले होते.

गणित इथे संपतं आणि माणसं सुरू होतात. 2023 मध्ये मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी विसर्जनाच्या गर्दीचा विचार करून आपला जुलूस दुसऱ्या दिवशी नेला आणि सरकारनं 29 सप्टेंबरला सुट्टी दिली. 2025 मध्ये मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ईदची सुट्टी शुक्रवार 5 सप्टेंबरऐवजी सोमवार 8 सप्टेंबरला गेली. आपल्या पालघर जिल्ह्यात ती शुक्रवारीच राहिली. एव्हरशाईन सिटीतून मुंबईच्या सरकारी कचेरीत जाणाऱ्या माणसाची सुट्टी वेगळ्या दिवशी आणि त्याच्या घराची वेगळ्या दिवशी! गैरसोय झालीच, पण कोणाचा सण अडला नाही.

खासगी कचेऱ्यांत ही सोय आपोआप होत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसात ठरवायच्या. माझा तक्ता अडतो तो या चार रकान्यांत. हात वर करून ठरवलं तर गणपती, दसरा आणि दिवाळीचे दोन दिवस, झाले चार. मग नमाजासाठी किंवा नाताळच्या मिस्सेसाठी दरवर्षी रजेचा अर्ज कोणी करायचा? नेहमी तेच दोन-तीन जण. म्हणून आमच्याकडे मी सुचवलं की चारांपैकी दोन दिवस सगळ्यांचे ठेवू, दोन ज्याचे त्यानं निवडावेत. सॉफ्टवेअरमध्ये हे करायला एक जादा रकाना लागला. माणसांना पटवायला दोन वर्षं. दिवाळीचा एक दिवस हातून जातो, ही तक्रार खोटी नव्हती. पण 1881 च्या कायद्यातल्या त्या 'इतर दिवसां'त एकेकाळी आपलीच दिवाळी होती, हे सांगितल्यावर काही चेहरे विचारात पडले.

आता आपलं संमेलन. तारीख ठरवताना ग्रुपवर किती चर्चा झाली ते तुम्हाला आठवत असेल: कोणाचा रोजा, कोणाचं पर्युषण, कोणाकडे श्रावण, कोणाचा उपवासकाळ. शेवटी रविवार ठरला आणि वेळ सकाळी 11 ची, म्हणजे ख्रिस्ती मित्रमंडळी मिस्सा आटोपून सावकाश येतील. लोखंड्यांनी मिळवून दिलेला दिवस आहे, वाया घालवू नका. सगळे या.