वर्णभेद गेला, अभ्यासक्रम राहिला

विद्यापीठाच्या एखाद्या विभागातील वर्णद्वेष दूर करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? कृष्णवर्णीय प्राध्यापकाची नेमणूक केली की काम संपते, की काय शिकवावे हे ठरवण्याचा अधिकारही त्याला मिळावा लागतो? दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन विद्यापीठापुढे हा प्रश्न तीस वर्षांच्या अंतराने दोनदा उभा राहिला.

माफेजे प्रकरण

गोऱ्या राजवटीने 1959 मध्ये कायदा करून उच्च शिक्षणाचीही वर्णानुसार विभागणी केली. केप टाऊनसारख्या विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सरकारची परवानगी लागू लागली. अध्यापकांच्या नेमणुकीबाबत मात्र या कायद्यात बंदी नव्हती. त्यामुळे 1968 मध्ये सामाजिक मानवशास्त्र विभागात ज्येष्ठ अधिव्याख्याता म्हणून आर्ची माफेजे यांची निवड झाली, तेव्हा ती पूर्णपणे कायदेशीर होती. माफेजे याच विद्यापीठाचे विद्यार्थी. केप टाऊनच्या लांगा या कृष्णवर्णीय वस्तीवरील त्यांचा आणि मोनिका विल्सन यांचा ग्रंथ 1963 मध्येच प्रसिद्ध झाला होता. पुढील संशोधनासाठी ते केंब्रिजला गेले होते.

सरकारने विद्यापीठावर दडपण आणले आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाने नेमणूक मागे घेतली. या निर्णयाच्या निषेधार्थ ऑगस्ट 1968 मध्ये सुमारे सहाशे विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या ब्रेमनर या प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला. तो नऊ दिवस चालला. निर्णय मात्र बदलला नाही. माफेजे यांनी पुढे दार-एस-सलाम, हेग आणि कैरो येथे अध्यापन केले व आफ्रिकेतील अग्रगण्य समाजशास्त्रज्ञांत त्यांची गणना झाली. वर्णभेदाची राजवट संपत असताना, 1990 च्या दशकात त्यांनी याच विद्यापीठातील आफ्रिका अध्ययनाच्या अध्यासनासाठी अर्ज केला. तेव्हाही त्यांची निवड झाली नाही. या वेळी आड यायला सरकारी दडपण नव्हते.

ममदानी यांचा वाद

त्या अध्यासनावर 1996 मध्ये महमूद ममदानी यांची नेमणूक झाली. ममदानी यांचा जन्म 1946 मध्ये मुंबईत झाला आणि ते वाढले युगांडात. 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेले जोहरान ममदानी हे त्यांचे पुत्र. 1996 मध्येच मांफेला रांफेले या कृष्णवर्णीय विदुषी केप टाऊन विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. वरवर पाहता बदल पूर्ण झाला होता.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आफ्रिकेवरील पायाभूत अभ्यासक्रम आखण्याचे काम ममदानी यांच्याकडे आले. आफ्रिकी विचारवंतांनी आपल्या खंडाविषयी परस्परांशी घातलेले वाद हा त्यांनी या अभ्यासक्रमाचा गाभा मानला. सहकाऱ्यांना तो आराखडा मान्य झाला नाही. 1998 मध्ये त्याच्या जागी दुसरा अभ्यासक्रम आला आणि ममदानी यांना त्यापासून दूर ठेवण्यात आले.

ममदानी यांनी आपले आक्षेप जाहीरपणे मांडले. या नव्या अभ्यासक्रमात 'आफ्रिका' म्हणजे केवळ सहारा वाळवंट आणि दक्षिण आफ्रिका यांच्यामधला प्रदेश, असे गृहीत धरले आहे. वाचनासाठी प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील विद्वानांचे लेखन आहे आणि आफ्रिकी विचारवंतांना त्यात जवळजवळ स्थान नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी राबवलेल्या हीन दर्जाच्या 'बांटू शिक्षणा'चाच हा नवा अवतार ठरेल, असा इशाराही त्यांनी दिला. विरोधकांनी मुख्यतः अध्यापनपद्धती आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची कुवत हे मुद्दे पुढे केले. 1999 मध्ये ममदानी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निघून गेले.

पहिल्या वेळी व्यक्तीला दाराबाहेर ठेवण्यात आले. दुसऱ्या वेळी व्यक्ती आत आली, पण तिचा विचार बाहेरच राहिला. कायदा रद्द करता येतो. पण कोणाचे ज्ञान 'ज्ञान' मानावयाचे याची विभागात मुरलेली सवय कायद्याने सुटत नाही.

उशिरा आलेली माफी

विद्यापीठाने 2003 मध्ये माफेजे यांची माफी मागितली व त्यांना मानद डॉक्टरेट देऊ केली. त्यांनी त्यावर उत्तर दिले नाही. 2007 मध्ये त्यांचे निधन झाले. ठिय्या आंदोलनाला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने, 2008 मध्ये विद्यापीठाने त्यांच्या कुटुंबीयांची औपचारिक माफी मागितली आणि ब्रेमनर इमारतीतील सभागृहाला माफेजे यांचे नाव दिले.

मार्च 2015 मध्ये विद्यार्थ्यांनी आवारातील सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवाद्याच्या पुतळ्याविरुद्ध आंदोलन छेडले. 9 एप्रिल रोजी पुतळा हटवण्यात आला. विद्यार्थ्यांची मागणी मात्र पुतळ्यापुरती नव्हती. कृष्णवर्णीय अध्यापकांची संख्या वाढवावी आणि अभ्यासक्रमाची मांडणी आफ्रिकेला केंद्रस्थानी ठेवून व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठाने त्यानंतर अभ्यासक्रम-बदलासाठी एक कार्यगट नेमला. त्याचा आराखडा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरही प्राध्यापकांत तीव्र मतभेद झाले.

ममदानी यांनी 1998 मध्ये विचारलेला प्रश्नच अशा रीतीने वीस वर्षांनी विद्यापीठाच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेवर आला. 2017 मध्ये ते याच विद्यापीठात व्याख्यान देण्यासाठी परतले. विषय होता विद्यापीठांचे निर्वसाहतीकरण. माफेजे यांच्या वाट्याला असे परतणे आले नाही. पुतळा एका दिवसात हलवता आला. वाचनयादी बदलण्याचा वाद मात्र त्यानंतरही चालूच राहिला.