केटल मोरेन : हिमाने घडविलेल्या अरण्यातील मुक्कामाची पूर्वपीठिका

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या आग्नेय भागात केटल मोरेन नावाचे जे सरकारी अरण्य आहे, ते मिलवॉकी शहराला अगदी जवळचे आणि शिकागोलाही फारसे दूर नसल्यामुळे, त्या शहरांतील नोकरदार माणूस, आणि त्यांत तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, उन्हाळ्याची चाहूल लागताच तंबू, शिधा आणि नकाशा यांच्या जुळवाजुळवीला लागतो. नकाशा उलगडून पाहणाऱ्याला मात्र पहिल्याच दृष्टिक्षेपात काही गोष्टी चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाहीत. अरण्य म्हणून जे म्हणावे ते सलग नाहीच. सुमारे 30,000 एकरांचा एक उत्तर भाग, सुमारे 22,000 एकरांचा एक दक्षिण भाग, त्या दोहोंमध्ये चाळीसएक मैलांचे अंतर, त्या अंतरात विखुरलेले काही लहान तुकडे, आणि खुद्द सरकारी हद्दीतही मधूनमधून खासगी शेते व घरे. पायवाट आहे ती लांबच लांब, पण रात्रीचा मुक्काम वाटेल तेथे करण्यास मुभा नाही. या साऱ्यांपैकी काहीही लहरीने ठरलेले नसून, प्रत्येक गोष्टीमागे कोठे हिमाचा, कोठे खरेदीखताचा, तर कोठे एखाद्या हट्टी माणसाचा इतिहास उभा आहे.

त्यातील सर्वांत जुना दस्तऐवज हिमाचा. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या विराट हिमावरणाच्या दोन जिव्हा, एक मिशिगन सरोवराच्या खोलगटातून आणि दुसरी ग्रीन बेच्या खोलगटातून, दक्षिणेस उतरल्या व सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी या प्रदेशात एकमेकींना भिडल्या. दोहोंच्या काठांमधील फटीत वितळत्या पाण्याने वाळू, खडी आणि गोट्यांचा जो लोट आणून टाकला, त्याचीच ही शंभर मैलांहून लांब टेकड्यांची माळ, म्हणजेच मोरेन, झाली. सह्याद्रीच्या थरावर थर चढलेल्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना या टेकड्या विचित्र वाटतात, कारण त्यांच्या पोटात कातळ नाही, नुसता भराव आहे. हिमाचे मोठमोठे ठोकळे या भरावाखाली गाडले गेले आणि ते सावकाश वितळले तशी वरची माती खचून खोल गोलाकार खळगे पडले. त्यांतल्या कित्येकांत पाणी साठून तळी व दलदली झाल्या, तर कित्येक आजही कोरडे आहेत. हिमातील विवरातून कोसळणाऱ्या पाण्याने जेथे गाळाची रास घातली, तेथे शंकूच्या आकाराच्या टेकड्या उभ्या राहिल्या. डंडी गावाजवळची, अडीचशे फुटांच्या आसपास उंचीची टेकडी ही त्यांतलीच. पार्नेलचा एस्कर त्याहून मौजेचा आहे: हिमाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या नदीने आपल्याच पात्रात जी खडी साठवली, ती बर्फ गेल्यावर सुमारे 4 मैल लांबीच्या नागमोडी बांधासारखी उघडी पडली, आणि तिच्या अरुंद माथ्यावरून चालणारा प्रवासी एके काळी जेथे पाणी वाहत होते तेथूनच, पण दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा उंचावरून, चालत असतो.

हा उलगडा सहजासहजी झालेला नाही. प्रथम आलेल्या वसाहतवाल्यांनी या खळग्यांना राखेपासून पोटॅश बनविण्याच्या लोखंडी कढयांचे, म्हणजे ‘केटल’ हे, नाव दिले, आणि ते स्वाभाविक होते, कारण त्या कढया त्यांच्या अंगणात रोज धुमसत असत. कठीण लाकडाची झाडे तोडायची, ढीग करून जाळायची, राख पाण्यात भिजवून तो क्षार आटवायचा आणि पोटॅश बाजारात पाठवायचे: पहिले पीक हाती येण्यापूर्वी रोकड मिळविण्याचा हा त्या काळचा सर्वपरिचित मार्ग होता. 1860 च्या सुमारास चार्ल्स व्हिटल्सी यांनी हे खळगे गाडलेल्या बर्फाच्या वितळण्याने पडले असावेत असा तर्क मांडला. पुढे बेलॉइट कॉलेजातील अध्यापक टॉमस चेंबरलिन यांच्याकडे राज्याच्या भूगर्भ-पाहणीत हाच मुलूख आला. तेथे मोठमोठ्या खाणी नाहीत, धातू नाही, दगडही झाकलेला, म्हणजे नाव मिळविण्याच्या दृष्टीने अगदीच रुक्ष वाटावे असे ते काम. परंतु 1878 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी ही टेकड्यांची माळ हिमावरणाच्या सीमेची खूण असल्याचे आणि हिम एकदाच नव्हे, अधिक वेळा येऊन गेल्याचे प्रतिपादन केले. अमेरिकेतील हिमयुगाच्या अभ्यासाला त्यामुळे पक्का पाया मिळाला.

चेंबरलिनच्या आधी या पाहणीचे प्रमुख होते इन्क्रीज लॅपहॅम. 1836 साली मिलवॉकीत आलेला हा कालव्यांचा अभियंता आदिवासींच्या मातीच्या समाधी मोजी, हवामानाच्या नोंदी ठेवी, आणि 1867 साली त्याने विस्कॉन्सिनमधील वृक्षतोडीच्या अनर्थकारक परिणामांवर राज्याला अहवाल सादर केला. अहवाल दप्तरात राहिला व कुऱ्हाडी चालूच राहिल्या, हे सांगायला नकोच. आज या अरण्याचा एक तुकडा त्याच्या नावाच्या टेकडीभोवती आहे.

वसाहतवाल्यांना ही जमीन मिळाली ती ओसाड म्हणून नव्हे. 1831 च्या तहाने मेनॉमिनी लोकांनी आणि 1833 च्या शिकागोच्या तहाने पोटावाटोमी व त्यांच्या सहकारी जमातींनी मिशिगन सरोवराच्या पश्चिमेकडचा प्रचंड मुलूख सोडला; पोटावाटोमींना तर मिसिसिपीपलीकडे निघून जाण्याची मुदत घालून देण्यात आली. मग सरकारी मोजणीदार आले, चौरस आखले गेले, आणि एकरी सव्वा डॉलरने जमीन विकली गेली. सपाट जमिनीवर गहू व पुढे दुभते आले. टेकड्यांच्या उतारांवर मात्र नांगर चालेना, गोटे वेचून कुंपणे घालता घालता पिढी गेली, पाऊस खडीतून झिरपून जाई. जे अरण्य आज उरले आहे ते मुख्यतः या नांगराच्या पराभवामुळे उरले, हे माझे मत मी येथे नमूद करून ठेवतो. निसर्गप्रेमी मंडळींचे श्रेय त्यानंतरचे.

ते श्रेयही लहान नाही. 1922 साली शिकागोत स्थापन झालेल्या आयझॅक वॉल्टन लीग या मासेमारांच्या संस्थेच्या मिलवॉकी शाखेने 1926 साली मून लेक नावाच्या तळ्याकाठची जमीन विकत घेतली (हेच आजचे मॉथी लेक, जेथे तंबूंचे मोठे तळ आहे), आणि 1937 साली विधिमंडळाने कायद्याने हे राज्य-अरण्य स्थापन केले. पुढची वाढ बहुतांशी राजीखुशीने विकणाऱ्या मालकांकडून तुकड्यातुकड्याने घेतलेल्या जमिनीची आहे. आपल्याकडे याच्या अगदी उलट घडले: ज्या 1878 साली चेंबरलिनचा निबंध निघाला, त्याच वर्षीच्या वनकायद्याने मुंबई इलाख्यात जंगले राखीव झाली, आणि राबासाठी फांद्या तोडणाऱ्या ठाणे-कुलाब्याच्या रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 साली सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आपले राखीव जंगल नकाशावर सलग दिसते आणि केटल मोरेन ठिगळांचे दिसते, त्याचे कारण या दोन पद्धतींत आहे. अर्थात विस्कॉन्सिनची खरेदीखते इतकी स्वच्छ दिसतात ती मूळ वहिवाटदाराला शंभर वर्षे आधीच हलविले होते म्हणून, हेही विसरता कामा नये.

हट्टी माणसाचा उल्लेख वर केला, तो म्हणजे मिलवॉकीचा वकील रेमंड झिल्मर. कॅनडातील पर्वत तुडविलेल्या या गृहस्थाचे म्हणणे असे की, उद्यान चौकोनीच असावे असा नियम कोणी केला? हिमाने जी रेघ ओढली तिच्यामागोमाग जाणारी, शेकडो मैलांची अरुंद पट्टी हेच चालणाऱ्याचे खरे उद्यान. 1958 साली त्याने या कामासाठी संस्था काढली, 1960 साली तो वारला, आणि इतकी लांबोडकी पट्टी सांभाळणे केंद्रीय उद्यान-खात्याला अव्यवहार्य वाटले. तेव्हा काँग्रेसचे प्रतिनिधी हेन्री रॉइस यांच्या खटपटीने 1964 साली पट्टीऐवजी नऊ निवडक स्थळांचे वैज्ञानिक राखीव क्षेत्र करण्याचा कायदा झाला व त्यांत केटल मोरेनचा उत्तर भाग आला. झिल्मरची वाट मात्र 1980 साली ‘आइस एज’ राष्ट्रीय निसर्गरम्य वाट म्हणून मान्य झाली. ती अजूनही पुरी झालेली नाही. जेथे जमीन मिळाली नाही तेथे प्रवाशाला डांबरी रस्त्याने पुढच्या तुकड्यापर्यंत जावे लागते.

केटल मोरेनच्या उत्तर भागात मात्र या वाटेचे सुमारे 30 मैल लागोपाठ मिळतात, आणि मुक्कामाचा आराखडा करणाऱ्याने सुरुवात तेथूनच करावी. पाठीवर बोजा घेऊन चालणाऱ्यांसाठी वाटेवर पाच निवारे आहेत: तीन बाजूंनी लाकडी भिंती, वर उतरते छप्पर, चौथी बाजू मोकळी, पुढे शेकोटीची जागा. दक्षिण भागात असे तीन आहेत. प्रत्येकाचे आरक्षण आगाऊ करावे लागते आणि एका निवाऱ्यात एकच रात्र राहता येते, त्यामुळे मुक्कामांचा क्रम चालण्याच्या वेगावरून आधीच बसवून घ्यावा लागतो. कुटुंबासह मोटारीने जाणाऱ्यांनी मॉथी लेक, लाँग लेक किंवा दक्षिणेकडील ओटावा लेक येथील तळ पाहावेत. जूनमध्ये खळग्यांतील दलदलींवर डास माजतात, गवतातून गोचिडी अंगावर चढतात. सप्टेंबरनंतर हा त्रास पुष्कळ कमी असतो. वसंतात दक्षिण भागातील एखादे माळरान काळे पडलेले दिसले तर वणवा लागला असे समजू नये: आदिवासी जाळपोळ करून ओकच्या विरळ राया मोकळ्या राखीत असत, ती आग बंद झाल्यावर झुडपांनी त्या गिळल्या, आणि आता वनखाते स्वतःच बेताने माळ पेटविते. सरपण घरून नेऊ नये. ॲशच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगा 2008 साली विस्कॉन्सिनात सापडल्यापासून, दहा मैलांहून दूरचे लाकूड प्रमाणित असल्याखेरीज अरण्यात आणण्यास मनाई आहे, तेव्हा शिध्याच्या यादीतून ते वगळावे आणि जवळपासच विकत घ्यावे.