सुंठीच्या वासामागे, सेंदाईपर्यंत

साल 1917. तुम्ही जपानच्या ईशान्येला, सेंदाईत उतरला आहात. तोहोकू शाही विद्यापीठ सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झाली आहेत. प्रयोगशाळेचं दार ढकलताच ओळखीचा वास येतो. सुंठ! आतले प्राध्यापक आहेत हिरोशी नोमुरा. आल्याचा झणका नेमका कशात आहे, याचा त्यांनी ध्यास घेतला आहे.

पुढे वाका. काचेवर बारीक, फिकट स्फटिक आहेत. हे झिंजरोन, नाव नोमुरांनीच दिलेलं. चव तिखट, पण मागे गोडसर ऊब. जरा जपून, 40 अंशांच्या आसपास हे स्फटिक वितळतात. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ते आपोआप पाझरले असते.

नवल पुढेच आहे. ओल्या आल्यात झिंजरोन जवळजवळ नसतंच. तिथे असतं जिंजरॉल. आलं शिजलं, भाजलं, वाळलं की जिंजरॉलचा रेणू तुटतो आणि त्यातून झिंजरोन निपजतं. याच वर्षी, महायुद्ध पेटलेलं असताना, मँचेस्टरमध्ये रसायनशास्त्रज्ञ आर्थर लॅपवर्थही जिंजरॉलची अशीच फोड करून पाहत आहेत. दोघं जगाच्या दोन टोकांना, पण प्रश्न एकच.

आता आजच्या काळात या. तुमच्यासमोर स्वाद बनवणाऱ्या कारखान्यातली स्टीलची टाकी आहे आणि आल्याचा इथे मागमूस नाही. टाकीत पडतं व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारं तेच; तेही बहुतेक पेट्रोरसायनांपासून केलेलं. त्यात अ‍ॅसिटोन आणि अल्कली मिसळली की आधी पिवळा पदार्थ तयार होतो. मग उत्प्रेरकाच्या साथीनं त्यात हायड्रोजन सोडायचा. पिवळेपणा ओसरतो, हाती झिंजरोन येतं. व्हॅनिलिनच्या रेणूतलं अणूंचं कडं झिंजरोनमध्ये जसंच्या तसं राहतं. मिरचीच्या कॅप्सेसिनमध्येही तेच कडं आहे. मला तरी हे नातं फार विलक्षण वाटतं. इथून हा माल मसाल्यांच्या कृत्रिम अर्कांत, खाद्यपदार्थांच्या स्वादांत आणि अत्तरांत जातो.

जाता जाता मलेशियाच्या रानात डोकावा. बल्बोफायलम प्रजातीतलं एक ऑर्किड हाच वास सोडून फळमाशीच्या नरांना बोलावतं. फूल चाटायला आलेला नर परागांचं ओझं पाठीवर घेऊन उडतो.

टाकीतलं झिंजरोन आणि नोमुरांच्या काचेवरचं झिंजरोन यांच्या रेणूत तसूभरही फरक नाही. पण सुंठीत त्याच्या सोबतीला शोगाओल नावाचं आणखी एक तिखट द्रव्य असतं, उरलेलं जिंजरॉल असतं, सुगंधी तेलं असतात. टाकीत ते एकटंच. तेव्हा पाकिटावर ‘आल्याचा स्वाद’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर घटकांच्या यादीत आलं आहे का, तेही बघा. आणि आलेपाक घरी करणार असाल, तर खरं आलंच किसा.