परभणी द्या

आमच्या डोणगावात बियाण्याच्या दुकानात आई एवढंच म्हणते, ‘परभणी द्या.’ माझ्या मुलीला परभणी हे भेंडीचं नाव म्हणून आधी कळलं, जिल्हा म्हणून नंतर. पूर्ण नाव ‘परभणी क्रांती’. ती क्रांती कुणी केली, हे मात्र बाजारात कुणाला सांगता येईना. जुने शोधनिबंध मिळवून वाचू लागलो, तेव्हा उलगडत गेलं.

केवडा आम्ही लहानपणी पाहिलेला. आधी शिरा पिवळ्या, मग सबंध पान, मग फळंही फिकी आणि निबर. वडील झाडं उपटून बांधावर टाकत. मुंबई इलाख्यातल्या या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ साली केली होती. तो विषाणूजन्य असल्याचं उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० मध्ये दाखवलं. पांढरी माशी तो झाडोझाड नेते.

दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी ‘पुसा सावनी’ काढली. तिची सहनशक्ती ज्या बंगाली वाणातून आली, तो रोग अंगात असूनही लक्षण दाखवत नसे. ही ढाल फार टिकली नाही.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी वेगळी वाट धरली. भेंडीच्या जातीत प्रतिकार मिळेना, म्हणून ते तिच्या भावकीत गेले. ‘मॅनिहॉट’ नावाच्या दुसऱ्या प्रजातीशी त्यांनी पुसा सावनीचा संकर केला. हे बोलायला सोपं. दोन प्रजातींची गुणसूत्रं जुळत नाहीत, म्हणून संकरित झाड बी धरायला कुरकुरतं. रशियात कार्पेचेंको यांनी १९२०च्या दशकात मुळा आणि कोबी यांचा संकर केला, तेव्हाही हीच अडचण आली होती. मग जे थोडं बी मिळेल ते पेरायचं, पुन्हा भेंडीशी संकर करायचा, आणि दर पिढीत रोगट झाडांच्या शेजारीही हिरवं राहिलेलं झाड निवडायचं. हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचं त्यांनी १९८१ साली मांडलं. वाणाची नोंद १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात आली.

मला या वाणाचं मोल आणखी एका कारणानं वाटतं. तो सरळ वाण आहे. घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. हायब्रीडचं तसं नाही. आईनं कित्येक वर्षं ते राखेत घोळून डब्यात ठेवलं.

पण एका जनुकाच्या भरवशावर किती दिवस काढायचे? विषाणू बदलत राहिला आणि पुढे परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. बंगळूरच्या संस्थेनं रानभेंडीच्या वेगळ्या नात्यातून ‘अर्का अनामिका’ काढली, तिच्यावरही पुढे रोग आलाच.

यंदा आईनं चार झाडं बियाण्याला सोडली होती. श्रावणात त्यातल्या एकाच्या शेंड्याची पानं पिवळी दिसली. तिनं ते झाड उपटलं, बांधावर टाकलं, आणि उरलेल्या तिघांना चिंध्या बांधल्या.