इस्लामेय: रशियन राष्ट्रवादी आणि चेर्केस धून

आजचा एपिसोड सुरू करण्याआधी एक छोटं काम. यूट्यूबवर ‘बालाकिरेव इस्लामेय’ एवढंच टाका आणि जो पहिला व्हिडिओ येईल त्यातले फक्त हात बघा. आठ-नऊ मिनिटं ते हात पियानोवर असे काही पळतात की बघणाऱ्यालाच धाप लागते.

पियानोच्या जगात ही रचना बदनाम आहे. पुढे मोठा संगीतकार झालेला स्क्र्याबिन विद्यार्थी असताना हिचा आणि लिस्टच्या एका अवघड रचनेचा इतका रियाज करत बसला की उजवा हात दुखावून घेतला. फ्रान्समध्ये राव्हेलने १९०८ मध्ये ‘गास्पार द ला न्युई’ लिहिलं, तेव्हा त्याचा शेवटचा भाग इस्लामेयपेक्षाही अवघड करायचा असं त्याने ठरवलंच होतं. आणि स्वतः बालाकिरेव? तो उत्तम पियानो वाजवायचा, पण यातल्या काही जागा आपल्याला जमत नाहीत हे त्यानेही मान्य केलं होतं.

पण मला आज बोलायचंय ते या रचनेच्या नावाबद्दल. रशियन संगीत आपल्या मातीतलंच हवं, असा हट्ट धरणारा हा माणूस. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या पियानो रचनेचं नाव ‘इस्लामेय’ कसं काय?

तर सुरुवातीपासून बघू. मीली बालाकिरेवचा जन्म १८३७ चा, व्होल्गाकाठच्या निझनी नोव्हगोरोदचा. घरची परिस्थिती बेताची. पियानोचे पहिले धडे आईकडून. गावात उलिबिशेव नावाचा श्रीमंत रसिक होता, त्याच्याकडे संगीताची मोठी लायब्ररी होती. तिथे हा पोरगा वाचत, वाजवत शिकला. मधे कझान विद्यापीठात गणित शिकायला गेला, तेही अर्धवट सोडलं. १८५५ मध्ये उलिबिशेव त्याला सेंट पीटर्सबर्गला घेऊन गेला आणि ग्लिंकाशी ओळख करून दिली. ग्लिंका म्हणजे रशियन ऑपेराचा पाया घालणारा माणूस. हे काम पुढे बालाकिरेवच नेईल, असं त्याला वाटलं.

त्या वेळी राजधानीत चलती होती इटालियन ऑपेराची आणि जर्मन पद्धतीच्या शिक्षणाची. १८६२ मध्ये अंतोन रुबिनस्टाईनने तिथे कॉन्झर्व्हेटरी काढली. त्याच वर्षी बालाकिरेवने लोमाकिनबरोबर मोफत संगीत शाळा काढली. दोन गट सरळसरळ समोरासमोर!

बालाकिरेवच्या गटातली माणसं तर ऐका. क्युई लष्करी इंजिनिअर. बोरोदिन केमिस्ट्रीचा प्रोफेसर. मुसोर्गस्की आधी लष्करात, मग सरकारी कारकून. रिम्स्की-कोर्साकोव नौदलात. म्हणजे दिवसा नोकरी, रात्री संगीत, आणि संगीताची डिग्री एकाकडेही नाही. ऑफिसमधून घरी येऊन माइक लावणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरला ही टोळी जवळची वाटणारच ना! बालाकिरेव या टोळीचा दादा. दुसऱ्याच्या रचनेत हात घालून ओळीच्या ओळी बदलायचा. १८६७ मध्ये समीक्षक स्तासोवने त्यांना नाव दिलं, ‘बलाढ्य मूठभर’. तेच चिकटलं.

आता येऊ कॉकेशसकडे. १८६२, १८६३ आणि १८६८ असा तीनदा बालाकिरेव त्या डोंगराळ मुलखात गेला. तिथले डोंगर, तिथली माणसं, तिथलं संगीत, सगळ्याने तो भारावून गेला. पुढे एका पत्रात त्याने सांगितलंय की तिथे एक चेर्केस राजपुत्र त्याच्याकडे यायचा आणि व्हायोलिनसारख्या एका वाद्यावर लोकधुना वाजवून दाखवायचा. त्यातली एक नाचाची धून होती, इस्लामेय. ती त्याच्या डोक्यात बसली.

१८६९ मध्ये मॉस्कोत दुसरी धून मिळाली. क्रायमियाहून आलेल्या एका आर्मेनियन नटाने ती गाऊन दाखवली. धून होती क्रायमियातल्या तातार लोकांची. मग बालाकिरेव कामाला लागला. एरवी एकेक रचना वर्षानुवर्षं रखडवणारा हा माणूस (त्याचं ‘तमारा’ पूर्ण व्हायला पंधरा वर्षं लागली), पण इस्लामेय त्याने त्याच उन्हाळ्याच्या शेवटी साधारण महिनाभरात लिहून काढलं.

आता कान लावा. सुरुवातीला एकटीच धून येते, खाली भरणा काही नाही. एकच सूर पटापट परत परत वाजतो, कुणी तारेवर गज घासतंय असं वाटतं. मग तीच धून पुन्हा पुन्हा येते, दर वेळी नवे कपडे घालून. मधे सगळं शांत होतं आणि ती तातार धून संथपणे गायल्यासारखी येते. शेवटी तीही नाचात ओढली जाते आणि वेग हाताबाहेर जातो.

आता जरा थांबून तारखा बघू. १८६२-६३ मध्ये बालाकिरेव कॉकेशसात फिरत होता, तेव्हा पश्चिमेकडे चेर्केस लोकांविरुद्ध रशियाची लढाई चालूच होती. मे १८६४ मध्ये ती संपली. लाखो चेर्केस लोकांना घरंदारं सोडून काळा समुद्र ओलांडून ऑटोमन साम्राज्यात जावं लागलं. कितीतरी जण वाटेतच भुकेने आणि रोगराईने मेले. त्यानंतर पाचच वर्षांनी इस्लामेय आलं. क्रायमियाचंही तसंच, तो १७८३ पासून रशियाच्या ताब्यात होता.

रचनेचं उपशीर्षक आहे ‘पौर्वात्य कल्पनाविलास’. आणि स्तासोवने पुढे रशियन संगीताची खास लक्षणं सांगितली, त्यात लोकसंगीताबरोबर ‘पौर्वात्य’ रंगही मोजला. म्हणजे जे लोक जिंकले, त्यांचे सूर आपल्या ओळखीत मिळवून टाकले.

मग हा चोर होता का? मला एवढं सोपं वाटत नाही. त्याने मन लावून ऐकलं, आणि धुनेचं मूळ नाव तसंच ठेवलं. पण त्या पत्रातल्या आठवणीत त्या राजपुत्राचं नाव मात्र येत नाही. प्रेम खरं होतं आणि सत्तेचा फायदाही खरा होता. दोन्ही एकाच वेळी.

अजून एक गंमत. डिसेंबर १८६९ मध्ये हे पहिल्यांदा जाहीर वाजवलं कुणी? निकोलाय रुबिनस्टाईनने. अंतोनचा सख्खा भाऊ, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचा प्रमुख. रचना अर्पणही त्यालाच केलेली. ज्या कॉन्झर्व्हेटरीवाल्यांशी भांडण, त्यांच्यातल्याच एकाचे हात लागले!

पुढे मात्र हाल झाले. मोफत शाळेच्या कार्यक्रमांत पैसा संपला, शत्रू वाढले, मन खचलं. १८७२ मध्ये बालाकिरेवने रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात कारकुनी पत्करली. काही वर्षांनी परतला, तो कट्टर धार्मिक होऊन, आणि ज्यूंबद्दलचा द्वेष उघड बोलून दाखवत. १८८३ पासून तो राजदरबाराच्या गायनवृंदाचा प्रमुख होता. १९०५ मध्ये त्याने सुंदर पियानो सोनाटा पूर्ण केला, पण तोवर संगीताचं जग पुढे गेलं होतं. १९१० मध्ये तो गेला.

चेर्केस लोक आजही इस्लामेय नाचतात, कॉकेशसमध्ये आणि परदेशी वस्त्यांमध्येही. म्हणून जाता जाता दुसरं काम देतो. यूट्यूबवर ‘इस्लामेय चेर्केस नृत्य’ शोधा. अकॉर्डियन, टाळ्या, आणि ताठ मानेने गोल फिरणारी जोडपी. आधी हे बघा, मग पियानो पुन्हा लावा. आता त्या पळणाऱ्या बोटांमागे तुम्हाला कुणाचे तरी पाय ऐकू येतील.

कसं वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!