गॅस सरला का?

सोलापूर, 1975. पहाटेचा भोंगा होतो आणि सवयीनं तुम्ही उठायला जाता. पोटातून कळ येते तेव्हा आठवतं, आज पाळी गाठायची नाही. नरसिंग गिरजी मिलमधला तुमचा साचा दुसरा कुणीतरी सांभाळतोय. तुम्ही इस्पितळाच्या खाटेवर आहात आणि परवा तुमचं ऑपरेशन झालंय.

कित्येक वर्षं उपाशीपोटी जळजळ व्हायची, रात्री उठून कपभर दूध घेतलं की थांबायची. मग अन्न पुढे सरकेनासं झालं. दुपारची भाकरी संध्याकाळी उलटून पडायला लागली. अल्सरनं जठराचं खालचं तोंड आवळून टाकलं होतं. सर्जननी जठर लहान आतड्याला जोडून अन्नाला नवी वाट करून दिली.

आता तुमच्या नाकातून एक नळी घशात उतरलीय. रायल्स ट्यूब. आवंढा गिळला की ती घशाला घासते, म्हणून तुम्ही आवंढाही जपून गिळता. नाकावरची चिकटपट्टी घामानं सुटत आलीय. खाटेखालच्या बाटलीत हिरवट पाणी थेंबथेंब जमतंय. सिस्टर येतात, सिरिंजनं ओढून बघतात, किती निघालं ते कागदावर लिहितात. बायको ओल्या कापसानं तुमचे ओठ पुसते, पण घोटभर पाणी पाजायला ती धजत नाही. शेजारच्या खाटेवर कुणीतरी डबा उघडलाय. शेंगाचटणीचा वास थेट तुमच्यापर्यंत येतो.

राउंडला डॉक्टर थांबतात. "काय मामा, गॅस सरला का?"

"नाही साहेब."

"मग आजही तोंडानं काही द्यायचं नाही."

वर टांगलेली सलाईनची बाटली बघा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये 50 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 200 कॅलरी. अशा तीन बाटल्यांवर दिवस काढायचा. आधीच महिनोन्‌महिने उलट्यांनी खंगलेलं शरीर मग स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं बाटलीत नाहीतच. डॉक्टर निर्दय नाहीत. टाका सुटला तर पोटात पू होतो आणि माणूस हातचा जातो, हे त्यांनी पाहिलंय. जगभरातल्या सर्जनना तेव्हा हाच धाक होता.

आता 94 वर्षं मागे चला. व्हिएन्ना, 29 जानेवारी 1881. सोलापुरात पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली मिल सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झालीत. इथे व्हिएन्नात क्लोरोफॉर्म आणि कार्बोलिकचा उग्र वास आहे. टेबलावर 43 वर्षांच्या थेरेसे हेलर आहेत. जठराच्या तोंडाशी कॅन्सर, पोटात काही टिकत नाही. सर्जन थिओडोर बिलरोथ तो भाग कापून काढतात आणि उरलेलं जठर रेशमी टाक्यांनी आतड्याला जोडतात. ऑपरेशन सुमारे दीड तास चालतं. अशा शस्त्रक्रियेतून आजवर कुणी सावरलेलं नाही.

ऑपरेशननंतर पहिला दिवस तोंडात फक्त बर्फ. दुसऱ्या दिवशी आंबट दूध: आधी तासातासाला, मग अर्ध्या तासाला एकेक चमचा. टाके तुटत नाहीत. थेरेसे चार महिन्यांनी गेल्या, पण पसरलेल्या कॅन्सरनं. जोड शाबूत होता.

मला या चमच्याचं फार नवल वाटतं. पहिल्याच यशस्वी ऑपरेशनात दुसऱ्या दिवशी पोटात अन्न गेलं होतं, आणि तरी पुढची कित्येक दशकं माणसं उपाशी ठेवली गेली. 1921 मध्ये जॉन राईल यांची बारीक नळी, म्हणजेच रायल्स ट्यूब, आली. पुढे अमेरिकेत सर्जन वांगनस्टीन यांनी नळीतून पोट रिकामं करून आतडं अडलेल्या रुग्णांचे प्राण वाचवले. तिथून नळी सरसकट झाली, गरज असो वा नसो. आणि गॅसची वाट? ऑपरेशननंतर लहान आतडं काही तासांतच हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. गॅस मोठ्या आतड्यातून सरतो. तुमच्या भुकेचा निकाल सगळ्यात उशिरा जागा होणाऱ्या अवयवावर सोडलेला होता.

2001 नंतरच्या नॉर्वेत या. पाच इस्पितळांत, पोटाच्या वरच्या भागातल्या मोठ्या शस्त्रक्रियांचे 453 रुग्ण. तुम्हीही त्यांतले एक. कुठल्या गटात जायचं ते ना तुमच्या हातात, ना सर्जनच्या. एका गटाला तोंडानं काही नाही, थेट लहान आतड्यात घातलेल्या नळीतून आहार. दुसऱ्या गटाला पहिल्या दिवसापासून झेपेल ते साधं जेवण. तुमच्या पुढ्यात ताट येतं आणि पहिला घास घेताना तुमचा हात अडखळतो. निकाल 2008 मध्ये छापून आला: जेवणाऱ्यांत गुंतागुंत वाढली नाही. उलट त्यांचा गॅस लवकर सरला आणि ते घरीही लवकर गेले. अडखळत्या हातानं तो घास घेतलेल्या माणसांचं ऋण माझ्या मते फार मोठं आहे.

आणि आजचं सोलापूर. आता तुम्ही खाटेशेजारच्या स्टुलावर आहात, खाटेवर आप्पा. त्यांना जठराचा कॅन्सर आहे आणि महिनाभरात ते इतके उतरलेत की आधी ताकद भरल्याशिवाय मोठं ऑपरेशन झेपणार नाही. म्हणून बेंबीच्या डावीकडून लहान आतड्यात नळी घातलीय. वॉर्डात तिला सगळे एफजे, म्हणजे फीडिंग जेजुनोस्टोमी, म्हणतात. उपाशी ठेवणारी नळी वेगळी आणि जगवणारी वेगळी, हे इथे कळतं. तुम्ही पेज फडक्यातून गाळता, आप्पांना उशाला टेकवून अर्धवट बसवता, 50 सीसीच्या सिरिंजनं सावकाश सोडता. आधी पाणी, नंतर पाणी. काल प्रथिनं वाढावीत म्हणून तुम्ही शेंगदाण्याचं कूट मिसळलं आणि नळी तुंबली. सिस्टरनी कोमट पाणी हळूहळू आतबाहेर करून ती मोकळी केली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना नीट विचारून घ्या: तोंडानं कधी सुरू करायचं, आणि थांबायचं असेल तर नेमकं कशासाठी? अन्ननलिका थेट आतड्याला जोडली असेल किंवा जोडाबद्दल शंका असेल तर काही सर्जन आजही थांबतात, आणि त्याला कारण असतं. नळी मात्र लगेच काढत नाहीत. आप्पा तोंडानं पुरेसं खाऊ लागले, वजन टिकलं, की ओपीडीत बाहेरचा टाका कापून ती ओढून घेतात. भोक बहुधा काही दिवसांत आपोआप बुजतं; तोवर वर कोरडं ड्रेसिंग ठेवायचं.