गावचे दप्तर आणि मळा

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा आणि त्याच्या आसपासची गावे यांचा इतिहास बखरींत किंवा शिलालेखांत फारसा सापडत नाही. तो सापडतो गावच्या दप्तरात, म्हणजे एके काळी रुमालात बांधून ठेवलेल्या आणि आता संगणकात शिरलेल्या नोंदींत. हे दप्तर कोण सांभाळत होता, त्याबद्दल गाव आणि सरकार त्याला काय देत होते आणि विहिरीखालच्या मळ्याचा त्याच्या लेखणीशी कोणता संबंध होता, हा प्रश्न ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासात सहसा मागे पडतो, कारण लेखणी हा महसुलाचा विषय मानला जातो आणि मळा हा शेतीचा. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीच्या संगणकावर बसणारा आणि सकाळ-संध्याकाळ भाजीपाल्याच्या वाफ्यांना पाणी देणारा आजचा परिचालक हा एका जुन्या व्यवस्थेचा वारस आहे. फरक इतकाच, की त्या व्यवस्थेचे काम त्याच्याकडे आले आणि तिच्या सवलती मात्र वाटेतच संपल्या.

मराठी मुलखातील गावगाड्यात पाटील वसूल करी आणि कुलकर्णी लिहीत असे. दोघांचीही पदे वतनी, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी असत. कुलकर्ण्याला रोख पगार नसे. त्याला इनाम जमीन, म्हणजे सारा माफ असलेली किंवा नाममात्र सारा लागणारी जमीन मिळे आणि तिच्या जोडीला रयतेकडून धान्याच्या रूपाने हक्क मिळत. हिशेब मोडी लिपीत होत आणि ती वाचू शकणारी घरे गावात एखाद-दुसरीच असल्याने दप्तराची सत्ता शाईपेक्षा अक्षरओळखीच्या मक्तेदारीवर उभी होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, की इनामाची जमीन लिहिणाऱ्याच्या नावावर असली तरी नांगर धरणारे, मोट हाकणारे आणि वाफे बांधणारे हात बहुधा दुसऱ्यांचेच असत. लेखणी आणि खुरपे एकाच माणसाच्या हातात येण्यास अजून बराच अवकाश होता.

हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे कुलकर्ण्याला पटवारी म्हणत. 1853 ते 1883 या काळात दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी केली, वसुलाचे मक्ते मोडून पगारी अधिकारी नेमले आणि तहसिलापासून वरचा कारभार एका साच्यात बसवला. गावपातळीवर मात्र त्यांनी वंशपरंपरागत माणसांनाच हाताशी धरले. महसूल पाहणारा माली पाटील, बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील आणि लेखन करणारा पटवारी, अशी ही रचना होती. वरच्या कचेऱ्यांत आधी फारसी आणि पुढे उर्दू चालत असताना गावातला हिशेब मराठीतच राहिला. त्यामुळे पटवारी हा दोन भाषांच्या आणि दोन कालगणनांच्या मधला माणूस ठरला, कारण सरकारी वर्ष फसली, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेले, असे आणि गाव मात्र शालिवाहन शकाचे पंचांग पाही. संस्थानाचा जमीन महसूल कायदाही 1317 फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने 1907 चा म्हणून ओळखला जातो. पटवाऱ्याचा मोबदला म्हणजे वसुलावर ठरलेला रुसूम, म्हणजे टक्केवारीचा हक्क, आणि कुठे कुठे जुने इनाम.

याच दप्तरात मळ्याला त्याचे सरकारी नाव मिळाले. संस्थानाच्या महसुलात जमिनीचे मुख्य वर्ग तीन होते: पावसावर पिकणारी ती खुश्की, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला, ऊस, हळद किंवा फळझाडे देणारी ती बागायत आणि तलावाच्या पाण्याखालची भाताची ती तरी. तेलंगणात तरीला जे महत्त्व होते ते मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत नव्हते. इथे ज्वारी आणि कापसाची खुश्कीच सगळीकडे पसरलेली होती आणि तिच्यात विहिरीभोवतीचा मळा तुरळक. बागायतीचा धारा खुश्कीपेक्षा चढा असल्याने एखाद्या शेतापुढे कोणता शब्द लिहिला जातो यावर घराचा सारा ठरत असे आणि प्रतिष्ठाही. दरवर्षी शिवारात फिरून कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे हे नोंदवण्याच्या कामाला पहाणी म्हणत. पटवाऱ्याने मळ्याच्या बांधावर उभे राहून केलेली ती नोंद म्हणजे दप्तर आणि माळवे यांची वर्षातली एकमेव अधिकृत भेट होती. या भेटीत पटवाऱ्याच्या घरी वांगी-मिरच्या पोहोचत नसत असे मानायला मोठा भाबडेपणा लागेल.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढच्या दोन दशकांत ही घडी मोडली. 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1954 च्या कायद्याने इनामे रद्द करण्याचे पाऊल उचलले गेले आणि 1954-55 मध्ये तयार झालेले खासरापत्रक, म्हणजे प्रत्येक शेताचा कब्जेदार आणि कसणारा दाखवणारे पत्रक, मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादांत आजही पुरावा म्हणून काढले जाते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. 1966 ची जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली आणि पटवाऱ्याच्या जागी बदलीपात्र, पगारी तलाठी हा राज्यभरचा नियम झाला. गाव नमुना सात आणि बारा यांचा मिळून होणारा सातबारा ही त्याची ओळख. ग्रामपंचायतीचे दप्तर 1958 च्या कायद्याखाली ग्रामसेवकाकडे गेले. जन्माने मिळणारी लेखणी परीक्षेने मिळू लागली, हा बदल निर्विवाद न्यायाचा होता. मात्र दप्तराबरोबर ते सांभाळणारा माणूसही गावाबाहेर गेला, कारण तलाठ्याच्या सज्जात, म्हणजे कार्यक्षेत्रात, अनेक गावे असत आणि पुष्कळदा ग्रामसेवकाकडेही एकाहून अधिक. साधा उतारा हवा असला तरी तो माणूस गावात कोणत्या दिवशी येतो याची चौकशी करणे हे गावकऱ्याचे नवे काम झाले.

ही पोकळी भरण्यासाठी संगणक आला. हिंगोली हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. त्याच्या स्थापनेनंतर एका तपाने, 2011 मध्ये, राज्याने संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, म्हणजे संग्राम, हा प्रकल्प हाती घेतला आणि ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसवले. 2016 पासून हीच केंद्रे आपले सरकार सेवा केंद्र या नावाने चालू लागली. जन्म-मृत्यूच्या नोंदींचे दाखले, येणे बाकी नसल्याचा दाखला, घराच्या आकारणीचा नमुना आठचा उतारा आणि ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नमुना एक ते तेहतीस, हे सारे परिचालकाच्या कळफलकावरून जाऊ लागले. हा परिचालक बहुधा गावातलाच, बारावी किंवा पदवी झालेला, अल्पभूधारक घरातला मुलगा किंवा मुलगी. कुलकर्ण्याप्रमाणे तो गावात राहतो, तलाठ्याप्रमाणे शिकून आला आहे. पण त्याला इनामही नाही आणि वेतनश्रेणीही नाही. त्याला मिळते ते मानधन, आणि किमान वेतन मिळावे, थकलेले पैसे वेळेवर मिळावेत या मागण्यांसाठी राज्यभरच्या परिचालकांना मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरला अधिवेशनाच्या काळात पुनःपुन्हा बसावे लागले. अशा वेळी घरच्या दहा-वीस गुंठ्यांतला मळा हा छंद राहत नाही.

या परिचालकाचा आठवडा समजून घ्यायचा तर पंचांगापेक्षा महावितरणचे वेळापत्रक अधिक उपयोगी पडते. गावठाणाला, म्हणजे वस्तीला, वीज देणारी वाहिनी आणि शेतीपंपांना तीन फेजची वीज देणारी वाहिनी या वेगळ्या करण्यात आल्या असून शेतीची वीज मोजके तासच आणि आळीपाळीने दिवसा व रात्री मिळते. ज्या पाळीला रात्री वीज असते त्या पाळीत मळेकऱ्याला मध्यरात्री उठून बाऱ्याला जावे लागते, म्हणजे सरीवरून सरीवर पाणी वळवावे लागते, आणि सकाळी केंद्र उघडून जागरणाच्या डोळ्यांनी लॉगिन करावे लागते. दिवसाच्या पाळीत नेमकी केंद्राच्या वेळेतच मोटर चालू होते आणि पाणी धरायला घरातले दुसरे कोणी लागते. आठवडी बाजाराचा दिवस दोन्ही बाजूंनी जड, कारण पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या असतात आणि बाजाराला आलेली माणसे त्याच फेरीत दाखलेही मागतात. ग्रामसेवक ज्या दिवशी येतो त्या दिवशी सह्या, डिजिटल स्वाक्षरी आणि रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, यांतून मान वर होत नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या तारखा ज्या आठवड्यात पडतात, त्यात ठराव टंकण्याची भर पडते. या भागात पसरलेली हळद पावसाळ्याच्या तोंडाशी लावतात आणि सुमारे नऊ महिन्यांनी काढून शिजवतात. ती काढणी ग्रामपंचायतीच्या वर्षअखेरीच्या वसुलीवर आणि हिशेबांवर येऊन आदळते.

अलीकडे बागही दप्तरात शिरली आहे. राज्य सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेचे लक्ष्य 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी असे वाढत गेले, आणि 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात ग्रामपंचायतींना झाडे, पाणी आणि ऊर्जा यांवर गुण मिळू लागले. खड्डा, रोप आणि छायाचित्र यांची नोंद झाली नाही तर कागदावर झाड लागलेले नसते. अंगणवाडीच्या आवारातली पोषण परसबागही, म्हणजे मुलांच्या आहारासाठी लावलेला भाजीपाल्याचा वाफाही, अहवालाचा विषय झाली आहे. लक्ष्याच्या या घोडदौडीत रोपे जगण्यापेक्षा नोंदी जगण्याची सोय अधिक झाली, असे म्हणण्यास जागा आहे. रोपाला दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार याचा रकाना परिचालकापुढच्या पडद्यावर नसतो, जरी त्याचे उत्तर गावात त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते.

पहाणीचे पुढे काय झाले हेही नोंदवण्याजोगे आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यावरची नोंद करायची असे ठरले. रुसूम घेणारा पटवारी जे काम करीत असे ते काम आता कसणारा स्वतः आणि विनामोबदला करतो. दिवसभर गावाच्या नोंदी करून मळ्यात जाणारा परिचालकही आपल्या गुंठ्यांतल्या हळदीची नोंद तशीच करतो.